दोष रक्ताचा नव्हे, भुकेचा!

सोव्हिएत सहकार्याने १९५९ मध्ये पेटलेल्या भिलाईच्या भट्टीने देशाला पोलाद दिले; कंत्राटी मजुराचे मूल अशक्त जन्मले की मात्र ‘रक्ताचा दोष’ म्हणून हात झटकले जातात!

हे साफ खोटे आहे. नाझी नाकेबंदीमुळे १९४४-४५ मध्ये हॉलंडात दुष्काळ पडला. गर्भारंभीच उपासमार सोसलेल्यांच्या एका जनुकावरील मिथाइल-खुणा सहा दशकांनंतरही भावंडांहून कमी आढळल्या.

यावरून लिसेंको खरा ठरत नाही. मानवात अशा खुणा पिढ्यान्‌पिढ्या उतरतात, हे अद्याप सिद्ध नाही. वाविलोव्हचा १९४३ मध्ये तुरुंगात बळी घेणारा हटवाद पुन्हा नको. गर्भावरील आघात मात्र सिद्ध आहे. म्हणूनच गर्भवती श्रमिक स्त्रीचा सकस आहार व पगारी विश्रांती ही दया नसून उद्याच्या कामगाराचा हक्क आहे. प्रत्येक मागणीपत्रकात तो अग्रक्रमाने आलाच पाहिजे!