खबरदारी शेतकऱ्याने घ्यायची, मग तारा कुणी ओढायच्या?



विद्युत सुरक्षा सप्ताह आला की शाळेत पोरांना ओळीत बसवतात, शपथ देतात, फलक लावतात. ओल्या हाताने बटणाला हात लावू नका, खांबाला जनावर बांधू नका. सूचना खऱ्या आहेत, त्यांच्याशी भांडण नाही. पण झोल पडलेली तार कुणी ओढायची, डीपीची उघडी पेटी कुणी झाकायची, हे त्या फलकावर कधीच नसते. माणूस मेला की 'निष्काळजीपणा' हा शब्द तयार असतो, आणि तो मेलेल्याच्याच नावावर पडतो.

कोरडवाहू शेतकऱ्याची तऱ्हा पाहा. विहिरीला पाणी नाही म्हणून मोटर नाही, मोटर नाही म्हणून जोडणी नाही. तार मात्र त्याच्याच पऱ्हाटीवरून जाते. नियम सांगतो, शेतावरून जाणारी ११ हजार व्होल्टपर्यंतची उघडी तार जमिनीपासून किमान ४.६ मीटर, म्हणजे १५ फूट उंच हवी. रस्ता ओलांडणारी लघुदाबाची तार ५.८ मीटर, म्हणजे १९ फूट. कडब्याने भरलेल्या गाडीवर उभ्या माणसाचे डोके कुठे पोचते, हे तुम्हाला सांगायला नको. तार याच्या खाली लोंबत असेल तर निष्काळजी कोण?

दहावीच्या पोराला ओहमचा नियम पाठ असतो. त्याला हा हिशोब घाला. तार २३० व्होल्टची, घामाने ओल्या अंगाचा रोध साधारण १००० ओहम. अंगातून २३० मिलिअँपिअर वीज जाते. माणूस मरायला याच्या निम्मीही पुरते. पाच अँपिअरचा फ्यूज मात्र ढिम्म राहतो, कारण त्याच्या क्षमतेचा हा विसावा भागही नाही. फ्यूज तार वाचवतो. माणूस वाचवायला चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे ईएलसीबी लागते.

दुसरा हिशोब बैलाचा. तुटलेली तार जमिनीवर पडली की भोवतालच्या मातीत वीज पसरते. तारेजवळ दाब जास्त, दूर कमी. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत चार-पाच फुटांचे अंतर. तेवढ्या अंतरातला दाब त्याच्या छातीतून जातो. म्हणून आधी बैल पडतो, आणि त्याला सोडवायला धावलेला धनी त्याच्या मागे. अशा वेळी धावायचे नाही. पाय जुळवून, न उचलता, सरकत मागे यायचे आणि वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कुणाला पुढे जाऊ द्यायचे नाही.

तिसरा धडा कायद्याचा, आणि तोच लपवला जातो. वीज कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे विजेने माणूस किंवा जनावर मेले अथवा जखमी झाले तर विद्युत निरीक्षकाला कळवावेच लागते. मध्य प्रदेशात रस्त्यावर पडलेल्या तारेने एक सायकलस्वार मेला. ती तार दुसऱ्याच कुणी वीज चोरण्यासाठी टाकली होती, असे मंडळ म्हणाले. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकले नाही. इतका घातक धंदा चालवणाऱ्याची जबाबदारी दोष सिद्ध होण्यावर अवलंबून नसते, असा तो निकाल. शासनाच्या अपघात योजनेतले दोन लाख ही शासनाची मदत. वीज पुरवणाऱ्याची देणेदारी त्याने फिटत नाही.

रानडुकरासाठी कुंपणात सरळ लाइनची वीज सोडणाऱ्यांनाही सांगतो. त्या तारेला डुक्कर आणि शेजाऱ्याचे पोर यांतला फरक कळत नाही. झटका मशीन वापरा. ज्या तोंडाने आपण कंपनीला जाब विचारणार, ते आधी स्वच्छ हवे.

या बैठकीतून गावोगाव तीन कामे न्या. सुरक्षेचा तास वायरमनने शाळेत घ्यावा आणि वरचे तिन्ही धडे शिकवावेत. लोंबत्या तारा, वाकलेले खांब, उघड्या डीपी यांची यादी ग्रामसभेच्या ठरावात घालावी, उपविभाग कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यावी. बांबू लावून तार मोजायला कुणी जाऊ नये, मोजणी त्यांचे काम. अपघात झालाच तर पंचनामा आणि निरीक्षकाचा अहवाल हाती आल्याशिवाय कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये.

बिल थकले की वायरमन दुसऱ्या दिवशी खांबावर चढतो. तार लोंबली तरी त्याने तितक्याच तत्परतेने चढावे, एवढेच आपले मागणे आहे. यात भीक कसली?