कातडी आमची, मलम कुणाचं?

उन्हाळा लागला की टीव्हीवर, फोनात, सांगलीच्या स्टँडसमोरच्या बोर्डावर एकच बाई दिसते. गोरी, मऊ, हातात ट्यूब. ऊन कातडीचा दुश्मन आहे म्हणते. त्याच वेळी माणच्या माळावर दुपारी दोनच्या रखात आमच्या आयाबहिणी कांदा काढत असतात. त्यांच्या कातडीबद्दल कुठल्याच बोर्डावर एक ओळ नाही.

बाई खोटं बोलते असं नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी कातडीचा कॅन्सर होतो, हे सिद्ध झालंय. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२३ साली हिशोब मांडला. २०१९ साली जगात १६० कोटी माणसं उन्हात राबत होती. आणि उन्हात राबल्यामुळे होणाऱ्या कातडीच्या कॅन्सरने, तोही मेलानोमा सोडून, त्या एका सालात जवळजवळ १९ हजार माणसं मेली. म्हणजे हा राबणाऱ्याचा सवाल आहे. बाजाराने तो गोऱ्या गालाचा करून टाकला!

आता आपल्या कातडीचं बघू. ज्या काळ्या रंगावरून आम्ही शिव्या खाल्ल्या, त्याच रंगाने आमच्यावर छत्री धरलीय. मेलॅनिन म्हणतात त्या रंगद्रव्याला. म्हणून गोऱ्या माणसाइतका उन्हाचा कॅन्सर आपल्याला होत नाही. पण छत्री म्हणजे चिलखत नव्हे. आणि खरी मेख पुढंच आहे. काळ्यासावळ्या माणसाला हा रोग पुष्कळदा ऊन न लागणाऱ्या जागी गाठतो. तळपायाला, नखाखाली, भाजल्याच्या जुन्या वणावर, कंबरेला. बॉब मार्ली १९८१ साली छत्तिसाव्या वर्षी गेला. त्याचा मेलानोमा पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झाला होता. तिथं कोण सनस्क्रीन लावतं?

कंबरेचं तर आपल्याच मुलखातलं. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलातले डॉ. खानोलकर यांनी १९४५ साली सहकाऱ्यासह लिहून ठेवलं की धोतर एकाच जागी आवळून बांधणाऱ्यांच्या कंबरेला कॅन्सर होतो. त्याला नावच पडलं धोतर कॅन्सर. २०२४ साली वर्धा आणि मधुबनीच्या डॉक्टरांनी साठी-सत्तरीतल्या दोन बायांची हकिकत विलायतेतल्या वैद्यकीय पत्रिकेत छापली. एकीची परकराची नाडी आवळलेली, दुसरीचं चाळीस वर्षं लुगडं. नाडी घासते, घाम मुरतो, कातडं सोलतं. बरं होतं, पुन्हा सोलतं. अशी वर्षानुवर्षं न मिटलेली जखम शेवटी उलटते.

हे मी पुस्तकात नंतर वाचलं. आधी घरात पाहिलं.

माझी आय वाळव्याकडं ऊसतोडीला जायची. कंबरेला काळा पट्टा पडलेला. त्यात उजव्या अंगाला एक जखम. रुपयाएवढी झाली, मग दोन रुपयांएवढी. तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यात नेली. डॉक्टरने लांबूनच बघितलं. गजकर्ण आहे म्हणाला, मलम दिलं. आणि वर सांगितलं, "स्वच्छ राहत जा." फडावर पाण्याचा टँकर आठवड्यातनं एकदा येत होता, आणि हा साला स्वच्छतेचं प्रवचन देतोय! दीड वर्षं आय ते मलम चोळत होती.

मी म्हणालो, "आये, नाडी सैल बांध की."

ती म्हणाली, "सैल बांधली तर मोळी उचलताना सुटतंय रं. मग काय नागडी पळू ट्रॅक्टराकडं?"

याला काय उत्तर आहे? माझ्याजवळ नव्हतं.

शेवटी मिरजेला नेली. तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. कापला, मांडीचं कातडं लावलं. आय वाचली. पण दीड वर्ष आधी कुणी वाकून बघितलं असतं तर पेरूएवढा खड्डा पडला नसता.

म्हणून मित्रांनो, ट्यूब घ्यायची त्याने जरूर घ्यावी, पण डोळे उघडे ठेवून घ्यावी. एसपीएफ ३० पुरे. ते जवळजवळ ९७ टक्के किरण अडवतं, ५० वालं ९८. एका टक्क्यासाठी खिसा कापून घेऊ नका. डबीवर ब्रॉड स्पेक्ट्रम लिहिलेलं बघा. गोरं करतो म्हणणारी डबी परत ठेवा. ज्यांच्या अंगावर कोड आहे, जे जन्मतःच रंगद्रव्याविना आलेत, त्यांना मात्र ही चैन नाही, गरज आहे. ती त्यांना सरकारी दवाखान्यात फुकट मिळाली पाहिजे.

पण मजुराचा हिशोब करा. तोंड, मान, दोन्ही हात मिळून तीन चमचे, म्हणजे १५ मिली. घामात दर दोन तासांनी पुन्हा. आठ तासांत चार वेळा म्हटलं तरी ६० मिली. ५० ची ट्यूब एका दिवसात खलास! त्यापेक्षा आमच्या बाया शहाण्या. लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, डोक्याला टॉवेल. जाड कापडासारखी सनस्क्रीन नाही.

आणि घरातल्या माणसांची कंबर बघा, तळवे बघा, जुने वण बघा. महिना झाला तरी न मिटणारी जखम, नखाखालची वाढती काळी रेघ दिसली तर मलमावर भागवू नका. तुकडा तपासा म्हणा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचा इलाज बसतो. कागद घेऊन जा, आणि हक्काने बोला.

१९०१ च्या उन्हाळ्यात मसूर स्टेशनावर उतरलेल्या भीमरावाला आणि त्याच्या सोबतच्या पोरांना गोरेगावच्या वाटेवर कुणी प्यायला पाणी दिलं नाही. ते मसूर याच साताऱ्यातलं. आज त्याच पट्ट्यात ऊस डुलतोय आणि फडावरची बाई पाण्यासाठी टँकरची वाट बघतेय.

आम्हाला ट्यूब विकू नका. फडावर सावली द्या, अंघोळीला पाणी द्या, दुपारची सुट्टी द्या, मोळीचं वजन कमी करा. आयेची नाडी त्याशिवाय सैल होणार नाही.