ख्रिस्ती संस्थांशी भागीदारी : खुर्ची कोणाची, सतरंजी कोणाची?

चांदूर बाजार तालुक्यातल्या काही बुद्धविहारांत सिकलसेल तपासणीची शिबिरं घ्यावीत असा प्रस्ताव आला आणि आमच्या कार्यकर्त्यांत वाद पेटला. कारण एकच, सोबत येणारी संस्था ख्रिस्ती आहे. 'आज रक्त तपासतील, उद्या बायबल वाटतील,' असं एकानं ग्रुपवर टाकलं आणि त्याखाली अंगठेच अंगठे. विहारात विषय निघाला तेव्हा एका आजीनं तो दोन वाक्यांत निकाली काढला. "गोळी खाल्ल्यानं धर्म बदलत असता तं सरकारी दवाखान्यानं आपल्याले कधीचंच हिंदू करून टाकलं असतं. तपासू द्या ना पोट्ट्याइचं रक्त."

आम्ही आजीच्या बाजूनं आहोत. पण प्रस्ताव जसा आला तसा आम्हाला मान्य नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे आपल्या तरुणांना सांगण्यासाठी हा लेख.

आधी आजाराबद्दल. सिकलसेल विदर्भात आदिवासींमध्ये आहे तसा आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणात आहे. पिवळं कार्ड म्हणजे वाहक, लाल कार्ड म्हणजे रुग्ण. नवरा-बायको दोघंही पिवळ्या कार्डाचे असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल लाल कार्डाचं निघण्याची शक्यता चारात एक. लग्नाआधी एक साधी तपासणी केली तर हे कळतं. पण आपल्याकडे लग्न जमवताना पोराची नोकरी आणि पोरीचा रंग पाहतात, कार्ड कोणी विचारत नाही. केंद्रानं २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तिचा रोख आदिवासी भागांवर आहे. तो असायलाच हवा. मेळघाटातल्या कोरकू मुलाचा हक्क आपल्याआधी. पण मग चांदूर बाजारच्या बौद्ध वस्तीतल्या लाल कार्डाच्या पोरीला हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या दर महिन्याला कोण मिळवून देणार? अपंग हक्क कायदा २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे, तरी प्रमाणपत्रासाठी तिच्या बापानं मजुरी बुडवून किती चकरा मारायच्या? इथं कोणी मदतीचा हात पुढे करत असेल तर त्याच्या गळ्यातला क्रॉस पाहून तो झटकणं आपल्याला परवडणारं नाही.

आता धर्मांतराच्या भीतीबद्दल. मित्रांनो, ही भीती आपली नाही, ती उसनी आणलेली आहे. १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी घोषणा केली तेव्हा सगळ्या धर्मांचे पुढारी त्यांच्या दारात आले होते. त्यानंतर एकवीस वर्षं विचार करून त्यांनी आपल्याला बुद्धाच्या वाटेवर नेलं. असा समाज एका शिबिरानं, एका प्रार्थनेनं वाहून जाईल असं ज्यांना वाटतं त्यांचा बावीस प्रतिज्ञांवर तरी विश्वास आहे का?

आणि ही भाषा येते कुठून ते पाहा. गुजरात सरकारनं एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढून सांगितलं की हिंदूला बौद्ध व्हायचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागेल. दिल्लीत ऑक्टोबर २०२२ मध्ये दीक्षा समारंभात बावीस प्रतिज्ञा म्हटल्या गेल्या, त्यावरून राजेंद्र पाल गौतम यांना मंत्रिपद सोडावं लागलं. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२५ मध्ये 'लव्ह जिहाद' आणि सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा सुचवायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आपल्याच जिल्ह्यात, वरुड तालुक्यात, २०२५ च्या डिसेंबरअखेर एका प्रार्थनासभेवरून केरळच्या धर्मगुरूला अटक झाली. आज त्या सभेत पोलीस शिरले म्हणून गालात हसणाऱ्यांनी उद्या दीक्षा समारंभासाठी परवानगीचा अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा ते आत्ताच विचारून ठेवावं.

याचा अर्थ मिशनवाल्यांच्या पाया पडायचं असा नाही. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, सावित्रीबाईंनी अहमदनगरला मिस फरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले. तिथं जे मिळालं ते त्यांनी घेतलं आणि शाळा स्वतःच्या काढल्या, १८७३ ला समाज काढला तोही स्वतःचा, सत्यशोधक. आपल्या शेजारी अचलपूरजवळ कोठारा इथं लेप्रसी मिशनचा दवाखाना आहे. सख्खे लोक ज्यांना शिवत नव्हते त्यांच्या जखमा अशा दवाखान्यांत धुतल्या गेल्या. हे ऋण नाकारणं कृतघ्नपणा ठरेल. पण बाबासाहेबांनी १९३८ मध्ये सोलापुरात ख्रिस्ती समाजासमोरच सुनावलं होतं की मिशनच्या मदतीनं तुम्ही शिकलात, पण समाज म्हणून सामाजिक अन्यायाविरुद्ध लढला नाहीत. ते आजही सुनवावं लागतं.

कारण आमचा अनुभव असा की या क्षेत्रातल्या बऱ्याच ख्रिस्ती संस्थांना आपण 'लाभार्थी' म्हणून हवे असतो, फोटोत हवे असतो, विश्वस्त मंडळात नको असतो. 'गरिबी', 'वंचित', 'असुरक्षित घटक' हे शब्द अहवालात पानोपानी, 'जात' हा शब्द शोधून सापडत नाही. एम.ए.ला आम्ही सामाजिक भांडवलाचा सिद्धांत घोकला. गावपातळीवर त्याचा अर्थ इतकाच की हॉटेलातल्या बैठकीत कोण बसतं आणि विहारात सतरंजी कोण अंथरतं. खुद्द चर्चमधली परिस्थिती काय आहे? भारतातल्या कॅथलिक धर्माध्यक्षांनी २०१६ च्या आपल्या धोरणातच चर्चमध्ये जातीभेद असल्याचं मान्य केलं. पहिला दलित कार्डिनल व्हायला २०२२ साल उजाडावं लागलं. शाळांचं तेच. २०१४ च्या प्रमती निकालानंतर अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के जागांचं बंधन उरलेलं नाही. कायद्यानं बंधन नाही म्हणून मनानंही नाही का? वस्तीत येऊन रक्त तपासणाऱ्यांनी आपल्या कॉन्व्हेंटच्या बाकावर आमच्या पोरांना किती जागा देणार तेही सांगावं.

पैशाचा मुद्दा लवकर संपवतो, कारण तो सरकारनंच संपवला आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी घेणारी संस्था तो पैसा दुसऱ्या संस्थेला देऊच शकत नाही. मोठ्या संस्थेनं तालुक्यातल्या छोट्या संस्थेला प्रकल्प द्यायचा, हा जुना मार्ग बंद झाला. छोट्या संस्था त्यानं मेल्या हे खरं. पण 'मिशनचे डॉलर' हा टोमणाही त्याच दिवशी शिळा झाला. आता देण्याघेण्यासारखं उरतं ते डॉक्टर, प्रयोगशाळा, वकील, ग्रंथालय, सभागृह. आणि आपल्या बाजूनं जे आहे ते त्यांच्याकडे नाही : घराघरांतला विश्वास. आपण दार वाजवलं तर वस्तीतली बाई उघडते, त्यांनी वाजवलं तर आतून 'कोण आहे?' येतं.

पण आमच्या लेखी या भागीदारीची खरी कसोटी शिबिरात लागणार नाही, ती १९५० च्या आदेशावर लागेल. १० ऑगस्ट १९५० च्या त्या राष्ट्रपती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ ला शीख आले. आपण १९५६ ला दीक्षा घेतली आणि केंद्राच्या यादीत बौद्ध म्हणून यायला १९९० उजाडलं. चौतीस वर्षं! धर्म बदलला म्हणून जात सुटते का, हा प्रश्न आपल्या बापजाद्यांना विचारला जात होता, तोच आज दलित ख्रिश्चनांना विचारला जातो. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ मध्ये ही धर्माची अट काढायला सांगितलं. पुन्हा २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला.

इथं आपल्यातले काही जण कुजबुजतात, 'ते आले तर आपला वाटा कमी होईल.' हेच वाक्य १९९० पूर्वी आपल्याविरुद्ध वापरलं जात होतं. वाटा वाढवून मागा, टक्केवारी वाढवायचा लढा उभा करा, त्यात आम्ही पहिल्या रांगेत असू. पण जो दरवाजा ठोठावत आपण चौतीस वर्षं उभे होतो तो आता आतून कडी लावून बंद ठेवायचा? हे बाबासाहेबांच्या माणसाला शोभत नाही. स्टॅन स्वामी नावाचा ख्रिस्ती धर्मगुरू आदिवासींच्या जमिनीसाठी लढला आणि ज्या एल्गार परिषद प्रकरणात आपले सुधीर ढवळे, सुरेंद्र गडलिंग तुरुंगात गेले त्याच प्रकरणात ५ जुलै २०२१ ला कैदी म्हणून मेला. त्याच्या शोकसभेला गेलेल्यांनी दलित ख्रिश्चनाच्या जातप्रमाणपत्राच्या वेळी तोंड फिरवू नये.

ख्रिस्ती संस्थांनीही चॅरिटीच्या आडोशाला लपू नये. त्यांच्या धर्माध्यक्षांनी दिल्लीत निवेदनं दिली असतील, पण चांदूर बाजारच्या तहसील कचेरीसमोर त्यांचा फलक आम्ही पाहिलेला नाही.

म्हणून आमचं उत्तर आम्ही लेखी कळवतो आहोत. शिबिर विहारात होईल. रक्त घेणारे त्यांचे, नोंदी ठेवणारे आपले, आणि नोंदवहीची एक प्रत विहारात राहील, म्हणजे संस्था गेली तरी पाठपुरावा थांबणार नाही. प्रार्थना नाही, पत्रकं नाहीत, आपल्याकडूनही नाहीत. नियोजनाच्या समितीत निम्मी माणसं वस्तीतली, त्यात बाया असल्याच पाहिजेत. आणि शिबिरानंतरच्या पहिल्या महिन्यात १९५० च्या आदेशावर एक जाहीर सभा, दोघांच्या नावानं, एकाच फलकाखाली. शेवटच्या अटीवर त्यांनी विचार करायला वेळ मागितला आहे. दिला.

तोवर नोंदीचं काम शिकायला वस्तीगणिक दोन पोरं आणि दोन पोरी लागतील. बारावी झालेली असावी, अक्षर वाचता येईल असं असावं. नावं विहारात द्या.

जयभीम.