पाहुणे की ऋणको?

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की मनोरहून पालघरकडे येणारा रस्ता मोटारींनी भरून जातो. मासवण मागे टाकून, वाघोबा खिंड ओलांडून हा लोंढा केळवे, माहीम, शिरगाव, सातपाटीच्या किनाऱ्याकडे उतरतो. खिंडीत थांबून माकडांना बिस्किटे भरवायची, समुद्रावर दोन तास घालवायचे, मासळीचे जेवण करायचे आणि दिवेलागणीला परत फिरायचे, असा हा क्रम आहे. श्रमणाऱ्या माणसाला विश्रांतीचा हक्क आहे. तो कामगार चळवळीने झगडून मिळवलेला आहे. समुद्र पाहण्याचा आनंद ही केवळ धनिकांची मिरासदारी असावी, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. परंतु हा आनंद घेताना आपण कोणाच्या दारात उभे आहोत, याचे भान ठेवणे हाही त्याच चळवळीचा संस्कार आहे.

ज्या मासवणवरून हा प्रवासी भरधाव निघून जातो, त्या गावाशी आपले काही नाते आहे याची त्याला कल्पनाही नसते. मासवण येथे सूर्या नदीचे पाणी उचलणारे उदंचन केंद्र आहे. तेथून उचललेले पाणी धुकटण येथे शुद्ध होऊन वसई-विरारच्या घरोघरी पोहोचते. पालघर शहर आणि परिसरातील २६ गावांची पाणीयोजनाही याच सूर्येवर अवलंबून आहे. सूर्येवरचे धामणी धरण बांधले गेले ते प्रामुख्याने या आदिवासी मुलखातील शेतीला पाणी मिळावे म्हणून. पुढे नगरे वाढली, त्यांची तहान वाढली आणि शेतीसाठी अडवलेल्या पाण्यातून शहरांचा वाटा काढला गेला. वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या दोन शहरांसाठी दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी नेण्याची आणखी एक योजना अलीकडे आखण्यात आली. याच जिल्ह्याच्या जव्हार-मोखाड्यातील पाड्यांवर मात्र उन्हाळा आला की टँकरची वाट पाहावी लागते.

म्हणजे विरारहून वा भाईंदरहून समुद्रावर येणारा प्रवासी येथे येण्यापूर्वीच या मुलखाचा ऋणको झालेला असतो. तो स्वतःला पाहुणा समजतो, पैसे टाकणारा गिऱ्हाईक समजतो, गावाला रोजगार देणारा उपकारकर्ताही समजतो. हा हिशेब उलटा आहे, एवढेच आम्हांला येथे सांगावयाचे आहे. ऋणकोची वागणूक उपकारकर्त्याच्या वागणुकीहून निराळी असली पाहिजे.

किनाऱ्यावरील गावांत पाण्याचा प्रश्न अधिकच नाजूक आहे. केळवे-माहीम भागाला पाणी देणाऱ्या झांझरोळी धरणाला जानेवारी २०२२मध्ये गळती लागली, तेव्हा या गावांचा आधार किती क्षीण आहे हे सर्वांना दिसले. समुद्रालगतच्या विहिरींत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तोललेला असतो. उपसा बेसुमार झाला की खालचे खारे पाणी वर चढते, आणि एकदा खारावलेली विहीर सहजी सुधारत नाही. केळवे-माहीमचे पानमळे आणि बागायती गोड्या पाण्यावर जगतात. न्याहारी-निवासात दिवसातून तीनदा स्नान करणाऱ्याला, किंवा पोहण्याचा तलाव असलेले रिसॉर्ट शोधत येणाऱ्याला, आपण कोणाच्या मळ्यातले पाणी अंगावर घेत आहोत याची जाणीव करून देणे आवश्यक आहे.

दुसरी गोष्ट किनाऱ्याची. शहरातून येणाऱ्याला वाळू मोकळी दिसते. ती मोकळी नसते. सातपाटीला जाऊन पाहावे. तेथे किनारा म्हणजे कारखाना आहे. होड्या ओढणे, जाळी तुणणे, बोंबील सुकवणे, मासळी निवडणे, हे सारे काम तेथेच चालते, आणि त्यातले फार मोठे काम स्त्रिया करतात. हे गाव पापलेटसाठी जसे प्रसिद्ध आहे, तसेच मच्छीमारांच्या सहकारी संस्थांसाठीही. कोणाच्या कारखान्यात मोटार घालून, यंत्रावर काम करणाऱ्या कामगाराची परवानगी न घेता छायाचित्रे काढून, खाल्लेल्या पुड्या तेथेच टाकून आपण निघून येऊ काय? मग वाळूवर मोटार नेणारा, सुकत घातलेल्या मासळीच्या वासाने नाकाला रुमाल लावणारा आणि बाटल्या फोडून जाणारा माणूस हेच करतो, असे का म्हणू नये?

पापलेटचेच उदाहरण घेऊ. सप्टेंबर २०२३मध्ये महाराष्ट्र शासनाने पापलेटला राज्यमासा घोषित केले. ही मागणी लावून धरण्यात सातपाटीचे मच्छीमार पुढे होते, कारण लहान पिल्ले पकडली गेल्याने ही जात कमी होत असल्याचा अनुभव त्यांनीच घेतला होता. त्याच वर्षी शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. परंतु ताटात स्वस्त आणि लहान पापलेट मागणारे गिऱ्हाईक जोवर आहे, तोवर असा नियम कागदावर राहण्याचा धोका आहे. पावसाळ्यातील मासेमारीबंदीच्या काळात ताज्या मासळीचा हट्ट धरणाराही त्याच पापाचा वाटेकरी आहे.

आमचे काही सहकारी यावर म्हणतील की हा सारा शिष्टाचाराचा प्रश्न झाला. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध मच्छीमारांना हरित न्यायाधिकरणापर्यंत जावे लागले. किनारा नियमनाच्या १९९१च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत बांधकामास बंदी घातली होती. जानेवारी २०१९च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागांत ती ५० मीटरवर आणली. एवढे मोठे प्रश्न उभे असताना प्रवाशाने कचरा कोठे टाकावा याची चर्चा कशाला?

हा आक्षेप गंभीर आहे, परंतु तो अपुरा आहे. किनारा ही भोगण्याची वस्तू आहे, ही समजूत मोठ्या भांडवलाची आणि रविवारच्या प्रवाशाची एकच आहे; फरक प्रमाणाचा आहे. जो किनाऱ्याला रिकामी जागा समजून येतो, तो तेथे उद्या बंदर झाले वा रिसॉर्ट झाले तरी आपली पुढची सहल दुसऱ्या किनाऱ्यावर नेईल. जो तेथील माणसांना ओळखून परत येतो, तो त्यांच्या लढ्याचा साथी होण्याची निदान शक्यता असते. यजमानांचे म्हणणे वेळीच ऐकले नाही तर काय होते, हे गोव्याने १९८७ साली दाखवले. चार्टर विमानांनी येणाऱ्या परदेशी पर्यटकांविरुद्ध तेथे ‘जागृत गोंयकारांची फौज’ उभी राहिली. जुलै २०२४मध्ये बार्सिलोनाच्या नागरिकांनी उपाहारगृहांत बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. तेथील मुख्य तक्रार होती ती आपल्याच शहरातील घरभाडी आपल्याला परवडत नाहीत, ही. पर्यटक माणूस म्हणून नकोसा नसतो. आपल्याच गावात परके होणे नकोसे असते.

तेव्हा आमच्या कार्यकर्त्यांनी आरंभ स्वतःपासून करावा. आपली अभ्यासशिबिरे समुद्रकाठी भरतात आणि पुष्कळदा मे महिन्यात भरतात, म्हणजे जेव्हा पाणी सर्वांत कमी असते तेव्हा. ती हिवाळ्यात घेणे अशक्य नाही. २०१३पासून उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत जाते. केळवे रोड वा पालघरला उतरून एस.टी.ने किंवा रिक्षाने किनाऱ्यावर पोहोचता येते. मुक्काम बाहेरच्या मालकाच्या रिसॉर्टमध्ये न करता गावातील कुटुंबांकडे करावा. मासळी कोळणीकडून घ्यावी आणि शिबिराच्या काटकसरीच्या नावाखाली तिच्याशी घासाघीस करू नये. भरती-ओहोटीबद्दल गावकरी सांगतील ते ऐकावे. न ऐकणाऱ्याला वाचवण्यासाठी समुद्रात उडी घ्यावी लागते ती त्यांच्याच मुलांना. आपला कचरा आपण परत न्यावा. आणि शिबिरात एक बौद्धिक तरी गावातील मच्छीमाराचे वा बागायतदाराचे ठेवावे. त्या वेळी बोलणारे ते असावेत, ऐकणारे आपण.

शासनाकडेही मागणी केली पाहिजे. पर्यटनाच्या परवानग्या देताना गावाचे पाणी किती, याचा हिशेब आधी मांडला जावा आणि तो ग्रामसभेपुढे यावा. सूर्येच्या पाण्यावर पहिला हक्क तिच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांचा आणि गावांचा, हे तत्त्व शहरातील पाणी पिणाऱ्यांनीच उच्चारले तर त्याला वेगळे वजन येईल.

१४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला आणि याच परिसरातले पाच जण हुतात्मा झाले. पालघरला उतरणाऱ्या प्रवाशाला त्यांचे स्मारक लागते. समुद्राकडे जाण्यापूर्वी तेथे क्षणभर थांबावे. आपण ज्या किनाऱ्यावर विश्रांती घ्यायला निघालो आहोत, त्याची किंमत कोणी भरली आहे आणि कोण अजून भरत आहे, हे तेथे ध्यानात येईल.