कुटुंबाचें आरोग्य : न आलेला रोगी

लग्न ठरवितांना आपण काय काय पाहतों? गोत्र, नाडी, शिक्षण, पगार, घरांतील माणसें, आणि अलीकडे परदेशीं जाण्याचा योग. मुलीच्या चष्म्याचा नंबरसुद्धां विचारला जातो. परंतु जे रोग मुख्यतः स्त्रीपुरुषसंबंधांतूनच पसरतात, त्यांविषयीं एक अक्षरहि निघत नाहीं. तें विचारणें म्हणजे समोरच्या घराचा अपमान, अशी आपली समजूत. आज त्या रोगांपेक्षां ते बरे करणाऱ्या डॉक्टरांच्या कामाविषयींच लिहावें असें योजिलें आहे. रोगांचीं नांवें सर्वांच्या कानांवरून गेलेलीं असतात. डॉक्टर नक्की काय करतो, हें मात्र फारच थोड्यांना ठाऊक असतें.

एकत्र कुटुंबांत औषध लपत नाहीं. कोणाची रात्रीची गोळी कोणत्या डब्यांत आहे, हें धाकट्या पुतण्यालाहि माहीत असतें. घरचे डॉक्टर तर आजोबांचे स्नेही! त्यांच्यापुढें असल्या रोगाचें नांव काढणें म्हणजे तें दिवाणखान्यांत काढण्यासारखेंच. म्हणून या कामीं परका डॉक्टर बरा, असें माझें स्पष्ट मत आहे. सुदैवानें आपल्याकडे त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग हे तिन्ही विषय एकाच पदवींत शिकविले जातात, आणि दारावरच्या पाटीवर बहुधा 'त्वचारोगतज्ज्ञ' एवढेंच असतें. बांकावर शेजारीं बसलेला मनुष्य नायट्यासाठीं आला आहे कीं आणखी कशासाठीं, हें कोणाला कळत नाहीं. ही पाटी म्हणजे अर्धें औषधच होय. सरकारी रुग्णालयांतून 'सुरक्षा क्लिनिक' या नांवानें हेंच काम मोफत चालतें.

तरीहि कित्येक शिकलेलीं माणसें तिकडे न जातां रेल्वेच्या डब्यांत चिकटविलेल्या जाहिरातीचा पत्ता शोधीत जातात. वास्तविक असल्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानें मनाई आहे. पण तेथें नांव विचारीत नाहींत, रक्त तपाशीत नाहींत, 'पत्नीला घेऊन या' असेंहि म्हणत नाहींत. उपदंशाची पहिली जखम कांहीं आठवड्यांत औषधावांचूनच भरून येते. यश भोंदूच्या पुडीला मिळतें, आणि रोग आंत शिरून वर्षानुवर्षें दबा धरून बसतो.

पण जी घरीं आहे तिचें काय? पुरुषाला परमा झाला तर तो बहुधा थोड्याच दिवसांत जळजळीनें कळतो. स्त्रियांपैकीं पुष्कळजणींना कांहींच कळत नाहीं. परमा काय किंवा क्लॅमिडिया काय, उपचार झाला नाहीं तर दाह गर्भाशयांतून वर बीजवाहिन्यांपर्यंत चढूं शकतो व त्या नळ्या चिकटून बंद पडतात. नवरा चांगल्या डॉक्टराकडून बरा झाला आणि बायकोचें नांव कोणीं काढलेंच नाहीं, तरी परिणाम हाच. मग चारपांच वर्षांनीं सोमवार, प्रदोष, त्र्यंबकेश्वरीं नारायणनागबळी. घरांत बोललें जातें तें एवढेंच, कीं सुनेची कूस उजवत नाहीं. पूर्वींच्या काळीं दुसरी मुलगी पाहावयास लागत. आज तसें करीत नाहींत, परंतु बोल लागतो तो तिलाच. ज्याला कारण ठाऊक असण्याचा संभव, तो त्याच पंक्तीला खालीं मान घालून जेवीत असतो.

म्हणून या शाखेच्या डॉक्टराला नेहमीं दोन रोगी असतात : एक समोर खुर्चीवर बसलेला व दुसरा न आलेला. जाणता डॉक्टर 'हें कुठून आणलेंत?' असें विचारीत नाहीं. गेल्या कांहीं महिन्यांत कोणाकोणाशीं संबंध आला, एवढें तो विचारतो, आणि तेंहि शिक्षेसाठीं नव्हे, औषधासाठीं. दोघांची तपासणी, दोघांना एकाच वेळीं औषध, आणि तें पुरें होईपर्यंत संयम. नाहींतर एक बरा व्हावयाचा आणि दुसऱ्याकडून पुन्हां घ्यावयाचा, असा चेंडूफळीचा खेळ चालूं राहतो. जो डॉक्टर प्रवचन झोडतो, तो आपला रोगी पुढच्या खेपेस त्या रेल्वेंतल्या जाहिरातीकडेच पाठवितो.

दोष दुसऱ्यावर ढकलण्याची खोड मात्र जुनी आहे. सोळाव्या शतकांत भावमिश्रानें 'भावप्रकाशां'त या रोगाला फिरंगरोग म्हटलें. फिरंग्यांच्याच युरोपांत कोणी त्याला फ्रेंच रोग म्हणत, तर कोणी नेपल्सचा. सरकारहि याला अपवाद नव्हतें. १८६८ च्या कायद्यानें हिंदुस्थानांतील कांहीं शहरांत वेश्यांची नोंदणी व सक्तीची तपासणी सुरू झाली, आणि ज्यांना रोग आढळे त्यांना 'लॉक हॉस्पिटलां'त कोंडीत. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांना कोणीच तपाशीत नसे! स्त्रिया पोलिसांना चुकवूं लागल्या, रोग हटला नाहीं, आणि १८८८ सालीं तो कायदा गुंडाळावा लागला.

उलट मार्ग इंग्लंडनें धरला तो १९१६ सालीं, आणि त्याच्याशीं आपल्या ओळखीचें एक नांव निगडित आहे. या रोगांचा विचार करण्यासाठीं १९१३ सालीं नेमलेल्या शाही मंडळाचे अध्यक्ष होते लॉर्ड सिडनहॅम, म्हणजे त्याच वर्षापर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेले गृहस्थ. त्यांच्या नांवाचें कॉलेज मुंबईंत आहे, आणि त्यांच्याच अमदानींत १९०८ सालीं टिळकांना शिक्षा झाली. आपल्याला त्यांचें स्मरण गोड नाहीं; पण या एका गोष्टींत त्यांच्या मंडळानें शहाणपण दाखविलें. उपचार फुकट, गुप्त, आणि कोणत्याहि गांवच्या माणसाला खुला. खर्चाचा पाऊण वांटा मध्यवर्ती सरकारचा. पुढच्याच वर्षीं भोंदूंच्या जाहिरातींना बंदी झाली. पोलिसाच्या जागीं डॉक्टर आला.

आतां अवघड भाग. नवरा हात जोडून म्हणतो, 'डॉक्टर, वाटेल तें करा, पण तिला सांगूं नका.' सासूसासरे, दीर, व्याही यांच्यापुढें डॉक्टराचें तोंड शिवलेलें असावें, यांत शंका नाहीं. पत्नीपुढें तेंच मौन तिच्या शरीराच्या किंमतीवर पाळलें जातें, म्हणून तें मला मान्य नाहीं. १९९८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें असाच प्रश्न आला. वराच्या रक्तांत एच्.आय्.व्ही. असल्याचें रुग्णालयाकडून उघड होऊन लग्न मोडलें होतें. न्यायालयानें रुग्णालयाला दोष दिला नाहीं. मात्र त्या निकालांत अशा माणसाच्या विवाहाच्या हक्काविषयीं जें म्हटलें होतें, तें अनावश्यक होतें असें त्याच न्यायालयानें २००२ सालीं ठरविलें. पुढें एच्.आय्.व्ही.पुरता २०१७ सालीं कायदा झाला. डॉक्टरानें आधीं रोग्याची समजूत घालावी. तो सांगणारच नाहीं अशी खात्री पटली व जोडीदाराला खरा धोका असला, तर रोग्याला पूर्वसूचना देऊन मगच जोडीदाराला समक्ष सांगावें. आणि सांगितल्यामुळें रोग्यावर, विशेषतः ती स्त्री असल्यास, मारहाणीची किंवा घराबाहेर काढलें जाण्याची पाळी येईल अशी भीति असेल, तर सांगूं नये. व्यवहारांत चांगला डॉक्टर कायद्यापर्यंत जातच नाहीं. तो नवऱ्याला दोनतीन दिवसांची मुदत देतो, आणि आपल्याच खोलींत, आपल्या देखत त्याच्याच तोंडून तें वदवितो.

लग्नाचा विषय निघालाच आहे, तर डॉ. सुनीती सॉलोमन यांचें नांव घेतलें पाहिजे. त्या माहेरच्या गायतोंडे, मद्रासेंत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांतील. १९८६ सालीं त्यांनीं व त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनीं हिंदुस्थानांतील एच्.आय्.व्ही.चीं पहिलीं उदाहरणें उजेडांत आणलीं, आणि १९९३ सालीं वडिलांच्या नांवानें त्यांनीं तेथें उपचारकेंद्र काढलें. अनेक डॉक्टर या रोग्यांना हात लावावयास कचरत, तेव्हां त्या त्यांच्याजवळ बसत. पुढें तर त्या बाधित तरुणतरुणींचीं लग्नें जुळवूं लागल्या : दोन्ही बाजूंना सगळें ठाऊक असलेलीं लग्नें. २०१५ सालीं त्या निवर्तल्या.

आपल्या घरांत मात्र हा विषय प्रथम येतो तो बहुधा सून गरोदर राहिल्यावर. पहिल्याच भेटींत उपदंश व एच्.आय्.व्ही.साठीं रक्त काढावयाचें आहे असें कळतांच सासूबाई दुखावतात : 'आमच्या घराण्यांत असलें कांहीं नाहीं हो!' डॉक्टरीणबाई शांतपणें सांगतात कीं येथें येणाऱ्या प्रत्येकीचें काढतों. उपदंश वेळींच सांपडला तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनानें आईबरोबर पोटांतलें मूलहि वाचूं शकतें. न सांपडला तर मूल मृत किंवा रोग घेऊन जन्मण्याचा धोका असतो. सासूबाई गप्प बसतात. सुनेच्या दंडावर पट्टी आवळली जाते, नळी भरते, आणि डॉक्टरीणबाई दारांतून डोकावून बाहेर उभ्या असलेल्या नवऱ्यालाहि आंत बोलावितात.