झाडांखाली गाडलेली गावे

"पॅलेस्टाईनचे आपल्याला काय?" असे चळवळीतलेच काही मित्र विचारतात. ऐका. जून 1967 च्या युद्धात इस्रायली सैन्याने लाट्रूनजवळची इमवास, यालो आणि बेत नुबा ही गावे रिकामी करून जमीनदोस्त केली. बेत नुबाच्या जमिनीवर मेवो होरोन ही वसाहत बसली. इमवास-यालोवर ज्यू नॅशनल फंडाने कॅनडातील देणग्यांतून 'कॅनडा पार्क' फुलवले. फलकांवर रोमन काळ होता, गावे नव्हती. 'झोखरोत' ही इस्रायली संस्था न्यायालयात गेली, तेव्हा कुठे गावांची नावे लागली. तीही टिकू दिली नाहीत.

ज्यांचा इतिहास पुसला गेला, त्या आम्हाला ही रीत अनोळखी नाही. आमचा विरोध ज्यूंना नाही, झाडांनाही नाही. माणसे हाकलून वर हिरवळ पसरण्याला आहे. तिथे गप्प बसलो, तर इथे समतेवर बोलायचे कोणत्या तोंडाने?

जयभीम!