काढून टाकण्याचा अधिकार



दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर वॉशिंग्टनमधल्या नेमणुका कशाला, असे काही वाचक विचारतील. निमित्त एका ग्रंथालयाचे आहे. अमेरिकी संसदेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये नवी दिल्लीतल्या कार्यालयामार्फत मराठी पुस्तकेही जमा होतात. या ग्रंथालयाच्या पहिल्या महिला प्रमुख कार्ला हेडन यांना ८ मे २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या वतीने आलेल्या एका त्रोटक ई-मेलने घरी पाठवण्यात आले. त्यांच्या मुदतीचे वर्षभराहून अधिक दिवस शिल्लक होते.

ग्रंथालय संसदेचे, मग ग्रंथपाल राष्ट्राध्यक्षांचा कसा? ही सोय १८०२ साली संसदेनेच केली. १८९७पासून सिनेटची संमती लागू लागली, २०१५मध्ये दहा वर्षांची मुदतही ठरली. पदावरून दूर कुणी करायचे, हे मात्र कायद्यात लिहायचे राहून गेले.

हिशेब तपासनिसाबाबत संसद सावध होती. १९२१च्या कायद्याने महालेखापालाची नेमणूक राष्ट्राध्यक्षांकडे दिली, पण मुदत पंधरा वर्षांची ठेवली आणि हकालपट्टी केवळ संसदेच्या ठरावाने किंवा महाभियोगाने होईल, असे बजावले. १९८६मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने याच तरतुदीवर बोट ठेवले: ज्याला संसद काढू शकते तो संसदेचा माणूस, त्याच्या हाती कायद्याची अंमलबजावणी देता येणार नाही. कुणाचा माणूस, हे न्यायालयाने नेमणारा पाहून ठरवले नाही, काढणारा पाहून ठरवले.

संसद भवनाची देखभाल पाहणाऱ्या प्रमुख अधिकाऱ्याला चौकशी अहवालानंतर घालवायचे ठरले, तेव्हा फेब्रुवारी २०२३मध्ये संसदेला राष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्याकडेच पाहावे लागले. त्याच वर्षअखेर संसदेने हे पद आपल्या नेत्यांच्या आयोगाकडे घेतले. मनात आले तर अधिकार परत घेता येतो, तो असा.

आपल्याकडे लोकसभेचा महासचिव अध्यक्ष नेमतात. सरकारी हिशेब तपासणाऱ्या आणि ज्याचे अहवाल संसदेपुढे मांडले जातात अशा महालेखापरीक्षकाला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतकेच हटवणे कठीण, हे संविधानाचे शहाणपण. मात्र त्याचे नाव सरकारच ठरवते. विरोधी पक्षनेत्याला त्यात स्थान नाही. ज्याचे हिशेब तपासायचे, त्यानेच तपासनीस निवडावा हे बरे नव्हे. निवड समितीची मागणी जुनी आहे, ती आता कायद्यात यायला हवी.

 

— संपादक